सारंगाच्या हाकेपासून उपग्रहाच्या संदेशापर्यंत

नांदेड व लातूर हे जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा येथील पत्रिकेत नाविकांचा विचार कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु व्यापारी जहाजांवरील नोकरी आता किनाऱ्यावरील कुळांपुरती उरलेली नाही. आणि यंत्रामुळे माणसांच्या संवादात कोणता पालट होतो, हा प्रश्न तर भाषेच्या अभ्यासकाचाच आहे.

आगबोटींच्या काळात खलाशांची भरती बहुधा सारंगामार्फत होई. त्यामुळे एका गावची, एका बोलीची माणसे एकाच बोटीवर एकत्र येत. त्यांची मिश्र कामकाजी भाषा आगबोटींपूर्वीच एवढी रूढ होती की, टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास तिचा कोश सिद्ध केला. सारंगाची सत्ता अनेकदा जुलमी असे, हे विसरता येत नाही; तथापि खलाशाचे दुःख ऐकणारा कान त्याच्या शेजारीच असे.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि बिनतारी संदेशयंत्रणेचे महत्त्व जगाला पटले. पुढे रेडिओ ऑफिसर हा जहाजावरील महत्त्वाचा अधिकारी ठरला. घरची तार प्रथम त्याच्या हाती येई. सुखदुःखाची वार्ता माणसाच्या तोंडून माणसाला कळे. १९९२ पासून उपग्रहाधारित संकटसूचना पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली व १ फेब्रुवारी १९९९ रोजी ती पूर्णत्वास गेली. मोर्स लिपीबरोबर तो अधिकारीही बहुतेक जहाजांवरून नाहीसा झाला. २०१२ ते २०१८ या काळात विद्युत् नकाशे सक्तीचे होत गेले. कागदी नकाशांची जागा पडद्याने घेतली.

या स्थित्यंतराने श्रम हलके झाले, सुरक्षितता वाढली, हे निर्विवाद होय. पण किनाऱ्यावरील कचेरी आता क्षणोक्षणी जहाजावर नजर ठेवू शकते. पाळी संपली तरी अहवाल संपत नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी श्रमकराराने चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती सांगितली आहे. परंतु मनाची विश्रांती तासांत मोजता येत नाही. २०२० च्या महामारीत सुमारे चार लाख नाविक मुदत संपूनही जहाजांवर अडकले. घरचा चेहरा पडद्यावर दिसे, घरी मात्र जाता येत नसे. पुढे त्याच कराराच्या २०२२ मधील दुरुस्तीने नाविकांना शक्य तेथवर इंटरनेटची सोय द्यावी, असे सांगितले. ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. ही सोय न्याय्यच आहे. मात्र तीमुळे जो तो आपापल्या खोलीत घराशी बोलतो, आणि शेजारच्या खोलीतील सोबत्याशी बोलणे राहून जाण्याचा संभव वाढतो.

सारांश, खलाशाचा एकटेपणा यंत्राने निर्माण केला नाही. यंत्राने त्याचे रूप पालटले. पूर्वी घर दूर व सोबती जवळ होता. आज घर जवळ आले, सोबती दुरावला. नाविकाच्या मनःस्वास्थ्याची चौकशी करावयाची तर ती त्याच्या मायबोलीत झाली पाहिजे. मराठवाड्यातील मुलगा 'जीव रमत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याचे दुःख परक्या भाषेतील प्रश्नावलीच्या कोणत्या रकान्यात बसवावयाचे? हे काम आपल्या विभागांनी हाती घेण्याजोगे आहे.