पिन एक, क्रमांक अनेक

रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा संगणक 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीस आला. त्याच्या कडेला पिनांच्या दोन रांगा असतात. त्यांतल्या बऱ्याच पिना आज्ञावलीने चालू-बंद करता येतात, किंवा त्यांवर बाहेरून विद्युतदाब आला आहे की नाही हे वाचता येते. अशा पिनांना जीपीआयओ म्हणतात.

समजा, एका विद्यार्थ्याने पुस्तकात ‘जीपीआयओ 17’ असे वाचले, पिना मोजल्या आणि सतराव्या पिनेला योग्य रोधासह एलईडी जोडला. एलईडी लागला, पण काही केल्या विझेना! कारण सतराव्या पिनेवर 3.3 व्होल्टचा कायमचा पुरवठा असतो. जीपीआयओ 17 आहे अकराव्या पिनेवर. ‘2’ या आकड्याचा घोटाळा तर महागात पडतो. जीपीआयओ 2 तिसऱ्या पिनेवर आहे. दुसऱ्या पिनेवर 5 व्होल्ट असतात आणि जीपीआयओला 3.3 व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाही.

असे का? पिनेचा क्रमांक म्हणजे तिची रांगेतील जागा, तर जीपीआयओचा क्रमांक चिप बनवणाऱ्याने दिलेला. बोर्ड आखणारा या दोहोंमध्ये आपल्या सोयीने तारा ओढतो. 2012 मध्येच बोर्डाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तेराव्या पिनेवर जीपीआयओ 21 ऐवजी 27 आला. गॉर्डन हेंडरसन यांच्या ‘वायरिंगपाय’ने म्हणूनच तिसरी मोजणी वापरली. तीत अकरावी पिन 0 आणि तेरावी 2. आवृत्ती बदलली तरी हे आकडे तेच राहिले.

लिनक्सपुढचा प्रश्न याहून मोठा होता. 2008 च्या 2.6.27 या आवृत्तीपासून साध्या आज्ञावलींनाही जीपीआयओ हाताळता येऊ लागले. त्यासाठी बोर्डावरच्या सर्व चिपांच्या जीपीआयओंना एकाच माळेत क्रमांक होते. बीगलबोन या बोर्डावर 32-32 चे गट होते आणि गटांची मोजणी शून्यापासून होती. म्हणून गट 1 मधील 28 चा क्रमांक 32 × 1 + 28 = 60. पण वाढीव चिप जोडली की तिचे क्रमांक कोठून सुरू होणार, हे ती कर्नलला केव्हा सापडते यावरही अवलंबून असे.

म्हणून 2016 मध्ये 4.8 या आवृत्तीत नवी पद्धत आली : आधी चिप सांगा, मग तिच्यातली कितवी ओळ ते सांगा. जुनी पद्धत मात्र चालूच राहिली. 2024 मध्ये रास्पबेरी पायवर 6.6 ही आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या बोर्डांवर माळेचा आरंभ 0 ऐवजी 512 झाला. जुन्या पद्धतीतला 17 आता 529 झाला. जुन्या आकड्यावर विसंबलेल्या आज्ञावली अडल्या. नव्या पद्धतीत मात्र तो सतराच राहिला.

वर्गात प्रयोगापूर्वी वहीत तीन रकाने आखून घ्यावेत : पिनेची जागा, चिपचा क्रमांक, आज्ञावलीतील क्रमांक. लांबी सांगताना आपण एकक सांगतो. तसेच येथे क्रमांकाबरोबर मोजणी कोणाची, तेही सांगायला हवे.