हवाई बेटांची जहाजसफर : आधी तासांचा हिशेब

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर वसलेली हवाई बेटे जहाजातून पाहण्याची कल्पना मोहक आहे. सामान एकदाच उघडायचे, रात्री निर्धास्त झोपायचे आणि सकाळी जाग यावी तो नवे बेट समोर उभे! मात्र जहाज सोय करते ती मुक्कामाची आणि भोजनाची. कोणत्या बंदरात काय पाहावयाचे, याचा निर्णय प्रवाशालाच करावा लागतो. तो घरूनच केला नाही, तर अर्धी पृथ्वी ओलांडून बंदराजवळची दुकाने पाहून परतण्याची वेळ येते.

होनोलुलूहून निघून सात दिवसांत पुन्हा तेथेच परतणारी 'प्राइड ऑफ अमेरिका' या जहाजाची सफर २००५ पासून प्रसिद्ध आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करण्यास १८८६ च्या एका कायद्याने मज्जाव आहे. त्यामुळे इतर बहुतेक जहाजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून येतात, वाटेत एखादे परदेशी बंदर घेतात आणि त्यांच्या प्रवाशांचे अनेक दिवस निव्वळ समुद्रावर जातात. 'प्राइड ऑफ अमेरिका' हे जहाज अमेरिकी ध्वजाचे असल्याने त्याला हे बंधन नाही.

या सफरीचा नेहमीचा क्रम असा : शनिवारी सायंकाळी प्रस्थान, रविवार व सोमवार माउई बेटावरील काहुलुई, मंगळवारी हिलो, बुधवारी कोना, गुरुवार ते शुक्रवार दुपार काउआई बेटावरील नाविलिविली आणि शनिवारी सकाळी परत. आठवड्याच्या १६८ तासांपैकी जहाज बंदरात असते सुमारे ८० तास. त्यातून रात्री वजा केल्या, की उजेडाचे सुमारे ५५ तास हाती उरतात. वेळापत्रकात बदल संभवतो. म्हणून अंतिम वेळा तिकिटाबरोबर तपासाव्यात.

सफरीपूर्वीचे दिवस

मुंबईहून होनोलुलूला थेट विमान नाही. टोकियो किंवा सेऊलमार्गे गेल्यास आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. तेथील घड्याळ भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे, त्यामुळे तारखांचा घोळ सहज होतो. विमान चुकले किंवा सामान मागे राहिले, तरी जहाज थांबत नाही. यासाठी किमान दोन, शक्य तर तीन दिवस आधी पोहोचावे. पहिला दिवस झोपेचे चक्र जुळविण्यासाठी मोकळाच ठेवलेला बरा.

उरलेले दिवस होनोलुलू ज्या बेटावर आहे, त्या ओआहूला द्यावेत. परतल्यानंतर पाहू, हा विचार बहुधा विमानाच्या वेळेपुढे टिकत नाही. पर्ल हार्बर येथे ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यात बुडालेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेवर स्मारक आहे. या एका नौकेवर १,१७७ जणांना जलसमाधी मिळाली. स्मारकाकडे नेणाऱ्या बोटीची जागा इंटरनेटवर काही आठवडे आधी राखून ठेवावी. आवारात पिशव्या नेण्यास मनाई आहे. डायमंड हेड या विझलेल्या ज्वालामुखीवर चढण्यासाठी बाहेरच्या पर्यटकांना मे २०२२ पासून आरक्षण सक्तीचे झाले. प्रवाळांसाठी प्रसिद्ध असलेला हनौमा उपसागर सोमवारी व मंगळवारी बंद असतो आणि त्याचे आरक्षण दोनच दिवस आधी खुले होते.

शहरातील इओलानी राजवाडाही चुकवू नये. तो बांधणारा राजा कालाकौआ १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला, तेव्हा कलकत्ता व मुंबई येथेही आला होता. १८९३ मध्ये राजसत्ता उलथविण्यात आली, त्याची वेदना स्थानिकांच्या मनात आजही आहे. हा इतिहास आधी समजला, तर पुढची बेटे केवळ समुद्रकिनारे राहत नाहीत.

बंदरांतील दिवस

एका बंदरात एकच मोठे ठिकाण, हा नियम पाळावा. माउईवर जहाज रात्रभर थांबते, म्हणूनच १०,०२३ फूट उंचीच्या हालेआकाला शिखरावरील सूर्योदय सोमवारी पाहता येतो. पहाटे वाहन नेण्यासाठी साठ दिवस आधी आरक्षण खुले होते. वर कडाक्याची थंडी असते, लोकरी कपडे हवेतच. हवेची नळकांडी लावून सागरतळाशी उतरण्याचा बेत असेल, तर तो शिखरावर जाऊन आल्यानंतरच ठेवावा. खोल पाण्यातून आल्यावर लगेच उंचावर जाणे जिवावर बेतू शकते. हानाचा रस्ता सुमारे ६०० वळणांचा आहे. त्यालाच पूर्ण दिवस लागतो. लाहाइना हे जुने गाव ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात बेचिराख झाले, शंभरहून अधिक माणसे दगावली. तिकडून जाताना तो कुतूहलाचा विषय करू नये.

हिलोपासून ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान सुमारे ४८ किलोमीटरवर आहे. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या लाव्हातून थरांवर थर साचून घडला, तशीच प्रक्रिया किलाउएआ येथे प्रत्यक्ष दिसते. २०१८ मध्ये याच ज्वालामुखीने शेकडो घरे गिळली. डिसेंबर २०२४ पासूनच्या उद्रेकात लाव्हाची कारंजी थांबून थांबून उसळली. आदल्या रात्री उद्यानाची सूचना पाहूनच निघावे. हिलोला छत्री हवी, कोनाला टोपी. व्यापारी वारे पर्वताच्या पूर्वेस पाऊस रिता करतात आणि पश्चिम कोरडी राहते. कोकण आणि देशाचेच हे रूप, फक्त दिशा उलट.

कोना येथे जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून उतरवते. त्या रांगेत वेळ जातो, म्हणून येथे जवळचे स्थळ आणि निवांत कॉफीमळा पुरे. काउआईवर पहिला दिवस सुमारे तीन हजार फूट खोल वाइमेआ दरीसाठी ठेवावा. शुक्रवारी मात्र दुपारच्या प्रस्थानापूर्वी वेळेत परतावे. त्यानंतर जहाज ना पाली किनाऱ्याच्या समोरून जाते. तेथील सरळ कड्यांच्या पायथ्याशी रस्ता पोहोचतच नाही. त्यामुळे डेकवरची ती दुपार सफरीचा कळस ठरते.

चुकू नये ते

जहाजाने आयोजिलेल्या सहली महाग असतात; पण त्या उशिरा परतल्या तर जहाज थांबते. भाड्याची मोटार स्वस्त पडली, तरी उशिराची जबाबदारी प्रवाशाची. जहाज सुटल्यास विमानाने पुढचे बेट गाठता येते, कारण ते अंतर तासाभराचेही नाही. खर्च मात्र पदरचा. त्यासाठी पासपोर्ट व औषधे नेहमी जवळ बाळगावीत. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून तेथे बंदी आहे, कारण ही द्रव्ये प्रवाळांना घातक मानली जातात.

आरक्षणांची ही साखळी जाचक वाटेल. पण गर्दीने पायवाटा झिजल्या, प्रवाळ तुडवले गेले, म्हणूनच ती आली. आगाऊ नियोजनात प्रवाशाची सोय आहे आणि त्या बेटांचाही मान आहे. ५५ तासांत सगळी हवाई बेटे पाहून होत नाहीत. निवडून ठेवलेली पाच-सहा ठिकाणे मात्र डोळे भरून पाहता येतात.