माणसांची जुळणी : भिलाईच्या श्रमजीवनातील एक प्रकरण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या कर्मभूमीच्या इतिहासाला स्थान मिळावे, हे उचितच होय. भिलाईचा इतिहास सांगताना पोलादाच्या टनांचे आकडे देण्याची प्रथा आहे. ते आकडे अभिमानास्पद खरेच. परंतु परस्परांस सर्वस्वी अपरिचित अशा हजारो माणसांतून एकदिलाने राबणारी पथके कशी उभी राहिली, हा इतिहास त्या मानाने मागे राहतो. त्यातील काही टप्पे येथे नमूद करण्याचा आमचा मानस आहे.

पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती भोपाळास गेली. मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भाशी जोडलेल्या या भागास मराठी माणूस नवखा नव्हता. पण कारखान्यात त्याच्या शेजारी उभा राहणारा सोबती पंजाबचा, आंध्रचा, केरळचा, बंगालचा किंवा जवळच्याच छत्तीसगढी गावचा असे, आणि शिकविणारा तज्ज्ञ रशियन बोलणारा. दुभाष्याच्या मदतीने, बऱ्याचदा हातवाऱ्यांनीच, काम चाले. आपले अनेक अभियंते सोव्हिएत कारखान्यांत शिकून आले. येथे सोव्हिएत तज्ज्ञांसमवेत काम करीत त्यांनी एकेक जबाबदारी आपल्या हाती घेतली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा भट्टीइतकीच माणसांची जुळणीही कसोटीस लागली होती.

ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली समूहाच्या वाढीच्या चार अवस्था सांगितल्या : एकत्र येणे, खटके उडणे, घडी बसणे आणि काम तडीस नेणे. यातील दुसरी अवस्था आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. नव्या पथकात कुरबुर झाली की वरिष्ठ ती दडपू पाहतात. वस्तुतः कोणी काय करावयाचे, चूक झाल्यास कोणी बोलावयाचे, याचा निवाडा त्याच काळात होत असतो. तो न होता लाभलेली शांतता वरवरची ठरते.

झोतभट्टीच्या कामावरून हे ध्यानी येईल. सुमारे दीड हजार अंश तापलेला लोखंडाचा रस ठरावीक वेळी बाहेर काढावाच लागतो. भट्टीचे तोंड फोडणारे, रसाचे पाट सज्ज ठेवणारे, रस भरून नेणारी पात्रे वेळेवर आणणारे, मातीच्या तोफेने तोंड पुन्हा बुजविणारे, यांपैकी एकजण जरी चुकला तरी सर्वांच्या जिवावर बेतते. दल्ली-राजहऱ्याचे खनिज अडले तर भट्टी अडते. भट्टी अडली तर पोलाद विभाग आणि रेल्वेच्या रुळांची गिरणी अडते. म्हणूनच पाळी बदलताना, जाणाऱ्याने येणाऱ्यास भट्टीचा खराखुरा हालहवाल सांगणे हे निव्वळ शिष्टाचाराचे काम नव्हे. आपली उणीव निर्भयपणे सांगता येणे, हीच एकजुटीची पहिली खूण होय.

हा धडा अन्यत्रही मिळाला आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ साली एक प्रयोग केला. स्वयंचलित मागांच्या विभागात काम इतके वाटून टाकले होते की, अमुक मागांचा धनी कोण हेच कोणास सांगता येत नव्हते. ठरावीक मागांची सारी जबाबदारी एकेका लहान गटाकडे देण्याची कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली व आपापले गट स्वतःच जुळविले. उत्पादन सुधारले, कापडाची खराबी घटली. जपानात १९६२ पासून रुजलेली गुणवत्ता मंडळे १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्समार्गे आपल्याकडे आली व पुढे भिलाईतही पोहोचली. त्यांचेही मर्म हेच : जो काम करतो, त्यास कामाविषयी बोलण्याचा अधिकार असावा.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कायम नोकरांच्या पथकांत प्रांत आणि जाती यांच्या भिंती पुष्कळ ढासळल्या. पण कायम व कंत्राटी यांच्यामधील भिंत उभीच राहिली. दल्ली-राजहऱ्याच्या कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली, दारूबंदीची चळवळ केली आणि १९८३ मध्ये स्वतःच्या श्रमाने व वर्गणीने शहीद रुग्णालय सुरू केले. ज्यांस कोणी पथकात घेतले नाही, त्यांनी स्वतःचे पथक घडविले! पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांचा लढा चालू असता, २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी यांची झोपेत गोळी झाडून हत्या झाली. ते घर आपल्या या हुडकोतलेच. त्यांची मते कोणास पटोत वा न पटोत, हुडकोचा इतिहास त्या पहाटेवाचून पुरा होत नाही.

१२ जून २०१४ रोजी कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहाजण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. वायूने हुद्दा पाहिला नाही. जेथे संकट सर्वांस सारखे, तेथे इशारा देण्याचा व तो ऐकला जाण्याचा अधिकारही सर्वांस सारखाच हवा. पथकाची खरी परीक्षा त्यात कोण आहे यावरून होत नाही. बाहेर कोणास ठेवले आहे, यावरून होते.

आमचे मंडळही पाळ्या सांभाळून, सवड काढून जमणाऱ्या माणसांनीच चालविले. गणेशोत्सवाच्या सतरंज्या अंथरताना हुद्दे विसरले जातात, हा अनुभव सर्वांचा आहे. ही विस्मृती उत्सवापुरती न राहता कामाच्या जागीही टिकावी, आणि पुढील पन्नास वर्षांत मंडळाच्या सतरंजीवर अधिकाधिकांना जागा मिळावी, एवढीच आमची या मंगल प्रसंगी मनोकामना आहे.