साष्टीतील नीरा, ताडगूळ आणि ‘नैसर्गिक गोडी’चा प्रश्न

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही आज मुंबईची उपनगरे होत. परंतु ज्या साष्टी बेटावर ती वसली, तेथे ताडामाडांपासून रस उतरविणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. रस आंबला की ताडी. न आंबलेला रस ती नीरा, आणि नीरा आटविली की ताडगूळ. या दुहेरी गुणामुळे त्याचा इतिहास प्रथम महसुलाचा व नंतर आरोग्याचा झाला.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवसायावरील परवान्यांचा व करांचा पाश आवळला गेला. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा दृष्टी पालटली. दारूबंदीने ज्यांची भाकरी जाणार, त्यांना नीरा व ताडगूळ यांचा आधार मिळावा, असा हा विचार होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेस परवान्याखाली वाव ठेवला. १९५७ साली स्थापन झालेल्या व विलेपार्ले येथे मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगानेही ताडगुळास आश्रय दिला.

तथापि, या प्रचारात गूळ हा साखरेहून आरोग्यदायी, असेही प्रतिपादन होते. आज तोच युक्तिवाद खजुराच्या व अन्य फळांच्या पाकांविषयी केला जातो. त्याची परीक्षा अगत्याची आहे. नीरेतील साखर मुख्यतः सुक्रोज, म्हणजे उसातलीच. ताडगुळात काही खनिजे उरतात, पण साखर साखरच राहते. खजुराच्या पाकात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. पाक गाळताना फळातील बहुतेक तंतू मात्र चोथ्याबरोबर जातात. अमृत कोकमाची गोडी तर मुळात फळाची नसून सालींवर घातलेल्या साखरेची असते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मध, पाक व फळांचे रस यांतील साखरही ‘मुक्त साखरे’त गणली आणि ती एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे सुचविले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते. अखंड फळांना हा निर्बंध लागू नाही.

सारांश, ताडगुळाच्या चळवळीचे मोल श्रमिकाच्या उपजीविकेत शोधावे लागते. ते मोल मान्य करूनही, मधुमेही रुग्णास ‘नैसर्गिक’ या शब्दाने अभय देता येत नाही. अर्थकारणाचा न्याय्य दावा वैद्यकाचा पुरावा म्हणून स्वीकारणे इतिहासाच्या अभ्यासकाने टाळले पाहिजे.