रंग चढेल तेवढाच मेंदू

डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये उंदराच्या अख्ख्या मेंदूचा पेशीनिहाय नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे सात कोटी चेतापेशींच्या त्या मेंदूत पेशींचे ५,३२२ गट निघाले. या नकाशाची वंशावळ काढू लागलं, की भिंगांपेक्षा रंगच जास्त भेटतात.

१८७३. इटलीतल्या अबियातेग्रासो गावच्या रुग्णालयात नोकरी करणारा कामिल्लो गोल्जी स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये मुरवत होता. शंभरात जेमतेम दोन-चार पेशी रंगायच्या. पण जी रंगे ती पिवळसर कापावर पार टोकाच्या फांदीपर्यंत काळीभोर उठून दिसे. सगळ्याच रंगल्या असत्या, तर हाती नुसता काळा गोळा आला असता. १८८७मध्ये स्पेनच्या काहालने असे काप पाहिले, आणि पुढे भ्रूणांचे, पिल्लांचे मेंदू घेऊन प्रत्येक पेशी सुटी असते हे दाखवलं. गोल्जी मात्र सलग जाळंच मानत राहिला, १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं तेव्हासुद्धा.

पेशींची धडं दाखवणाऱ्या निस्लच्या रंगावरून ब्रोडमन या शास्त्रज्ञाने १९०९मध्ये मेंदूच्या सालीचे प्रांत आखले. पण दिसायला सारख्या पेशी आतून वेगळ्या असू शकतात. पुढे चालू जनुकाचा आरएनए जिथे असेल तिथेच जांभळा रंग उमटवता येऊ लागला. सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने २००६पर्यंत उंदराच्या सुमारे २०,००० जनुकांचे असे काप रंगवले. २०२३च्या नकाशासाठी एकेका पेशीतला आरएनए वाचून गट पाडले, आणि चकाकत्या रंगांच्या फेऱ्या करून त्यांच्या जागा शोधल्या.

या घराण्याची मला सर्वांत मोलाची वाटणारी शाखा मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालीचे हे प्रांत मुळात पडतात कसे, हेच विचारलं. २००८मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या कामात उंदराचे मिश्र भ्रूण होते: काही पेशींत एलएचएक्स२ हे जनुक होतं, काहींत नव्हतं. जनुक नसलेल्या पेशी सालीच्या राहिल्याच नाहीत. सालीच्या आतल्या, मध्यरेषेकडच्या बाजूला त्या आजूबाजूला हुकूम सोडणाऱ्या संघटक पेशी बनल्या, आणि शेजारच्या धडधाकट पेशींना त्यांनी हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग, व्हायला लावलं. त्या बाजूला अशा पेशींचा ठिपका असला, की शेजारी नवा हिप्पोकॅम्पस उभा राहू शके. प्रौढ मेंदूचा नकाशा कितीही बारीक असो, त्यात हा हुकूम सापडत नाही. तो पाहायला भ्रूणच वाढीच्या ऐन दिवशी कापून रंगवावा लागतो.