दारहँडल, सपाट (मोटारगाडीचे)

मोटारगाडीच्या दाराच्या पत्र्याशी समपातळीत बसणारे व वापराच्या वेळी बाहेर येणारे हँडल. मर्सिडीज-बेंझच्या १९५४ च्या ३०० एसएल गाडीत एक टोक दाबले की दुसरे बाहेर येणारी दांडी होती. टेस्लाच्या मॉडेल एस (२०१२) मध्ये हे काम विजेच्या मोटरकडे आले. चाकण येथे तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० (२०२१) च्या वरच्या श्रेणीतही अशी हँडले आहेत.

रचना : चावीचा संदेश मिळताच मोटर दंतचक्रांमार्फत हँडल बाहेर ढकलते. ते ओढल्यावर सूक्ष्म स्विच कुलपाला संकेत देतो किंवा केबल खटका सोडवते. आराखड्यात पाण्याचा निचरा, धुळीपासून संरक्षण, बर्फाचा थर फोडण्याइतका जोर आणि हँडल मिटताना बोट चिमटू नये म्हणून अडथळा ओळखण्याची सोय लागते. वायुरोधातील घट अल्पच असते. आकर्षण मुख्यतः दिसण्याचे.

सुरक्षा : अपघातात वीजपुरवठा तुटल्यास हँडल आतच अडकून बचावकार्य खोळंबू शकते. म्हणून यांत्रिक पर्याय आवश्यक ठरतो. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांच्या दारांना आतून व बाहेरून यांत्रिक रीतीने उघडण्याची सोय सक्तीची केली आहे.