तापमापकांचें एकमत

हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत खोलीखोलीला चिमुकले विद्युत्-तापमापक बसविलेले असतात. ते बिनतारी संदेश धाडतात आणि त्यावरून वातानुकूलक यंत्र आपोआप चालू वा बंद होतें. अशा घरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते: एक मापक २७ अंश सांगतो, दुसरा ३०, खरें कोणाचें मानावें? श्रोतेहो, हा प्रश्न साडेतीनशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याचीं उत्तरें इतिहासांतच सांपडतात.

तापमापकांचें पहिलें जाळें १६५४ मध्यें टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्दिनांद यानें उभारलें. त्याची व्यवस्था लुइजी अँतिनोरी या जेझुइट धर्मोपदेशकाकडे होती. फ्लॉरेन्स, पीसा, बोलोन्या, मिलान या इटालियन शहरांप्रमाणेंच पॅरिस आणि वॉर्सा येथेंही फ्लॉरेन्सचींच यंत्रें गेलीं. मद्यार्क भरून तोंड बंद केलेल्या त्या कांचेच्या नळ्या इतक्या कौशल्यानें घडविलेल्या होत्या कीं त्यांचीं मापें परस्परांशीं जुळत. परंतु बर्फ वितळण्याचा व पाणी उकळण्याचा बिंदु धरून अंश पाडण्याची रीत तेव्हां रूढ नव्हती; जुन्या नळीशीं ताडून नवी करावयाची, एवढेंच. १६६७ मध्यें जाळें मोडलें आणि नोंदी मुक्या झाल्या. वहींत ‘वीस अंश’ लिहिलेलें दिसे. पण वीस म्हणजे किती, हें कोण सांगणार? पुढें तीं जुनीं यंत्रें फ्लॉरेन्समध्यें सांपडलीं. ग्युल्येल्मो लिब्री यानें १८३० च्या सुमारास तीं नव्या मापकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां कोठें दीडशेंहून अधिक वर्षांनीं त्या आंकड्यांना वाचा फुटली.

दुसरा धडा वेळेचा. १७८० मध्यें जर्मनींतील मानहाइम येथें इलेक्टर कार्ल थिओडोर यानें हवामान-मंडळ स्थापिलें. त्याचा चिटणीस योहान याकोब हेमर यानें आधीं ताडून पाहिलेलीं यंत्रें दूरदूरच्या केंद्रांना विनामूल्य दिलीं आणि सकाळीं ७, दुपारीं २ व रात्रीं ९ या वेळा सर्वांना लावून दिल्या. भलत्या वेळीं वाचलेले आंकडे शेजारीं ठेवून तुलना होत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें.

तिसरा धडा जागेचा. ऊन वा तापलेली भिंत लागली कीं मापक हवेचें तापमान सांगत नाहीं, स्वतःचें सांगतो. म्हणून दीपगृहें बांधणारा स्कॉटिश स्थापत्यविशारद टॉमस स्टीव्हन्सन यानें १८६४ मध्यें तिरप्या पट्ट्यांची, वारा खेळूं देणारी पांढरी पेटी सुचविली. १८७५ मध्यें स्थापन झालेल्या आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांतूनही ती पुढें रूढ झाली.

चौथा धडा वयाचा. जेम्स जूल यानें आपल्या एका तापमापकाचा हिमबिंदु १८४४ पासून १८८२ पर्यंत तपासला. कांच हळूहळू आकसल्यामुळें तो सुमारें एक फॅरनहाइट अंशानें वर सरकला होता.

आतां घराकडे वळूं. तक्रार असेल तर सर्व मापक एका रात्रीपुरते एकाच टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवावेत. सकाळीं त्यांतील फरक कायम तेवढाच दिसला, तर तो कागदावर टिपून यंत्रांत दुरुस्ती घालावी. फरक मनमानी उड्या मारीत असेल, तर विजेरी क्षीण झाली आहे किंवा संदेश गळत आहेत असें समजावें. संदेश गळला कीं कांहीं यंत्रें मागचाच आंकडा दाखवीत बसतात, म्हणून आंकड्याबरोबर त्याची वेळही पाहावी. टेबलावर एकमत झालें, पण खोल्यांत गेल्यावर मोडलें, तर दोष जागेचा: शीतकपाटाची बाजू, दूरचित्रवाणी संचाची पाठ, उन्हाची भिंत आणि वातानुकूलकाचा झोत या जागा टाळाव्यात. ही परीक्षा दरवर्षीं पुन्हां करावी.

ज्या खोलींत तान्हें मूल वा आजारी वृद्ध निजतात, तेथील यंत्र चुकीच्या आंकड्यावर चालणें ही लहान गोष्ट नव्हे. बाजारांतून आणखी एक मापक आणल्यानें ती निभावणार नाहीं. घरांतल्या सर्व मापकांना वरचेवर एका ठिकाणीं आणून त्यांची साक्ष पडताळली पाहिजे.